स्वतःला शिव्या देणं थांबवलं तर बाग कोण बघणार?

"स्वतःशी मायेनं वागा म्हणता, पण मग माणूस ढिला पडणार नाही का?" ही शंका सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत कुणी ना कुणी काढतंच. बारावीच्या मुलाची आई, पतसंस्थेचा मॅनेजर, रात्रपाळी करून आलेली नर्स, सगळ्यांना आतून एकच वाटत असतं. आपण आज जिथं आहोत तिथं स्वतःला धारेवर धरूनच पोचलो. तो धाक सुटला की आपण सुटलो.

यावर मी हल्ली वाद घालत नाही. एका द्राक्ष बागायतदाराची हकिगत सांगते. त्यांना विचारून, आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

तासगाव तालुक्यातला माणूस. चाळिशी ओलांडलेली, तीन एकर बाग, दोन मुलं शिकणारी. आदल्या हंगामात सगळा माल एकाच व्यापाऱ्याला दिलेला. सुरुवातीच्या गाड्यांचे पैसे रोख आले, मग चेक आले, मग चेक परत आले आणि शेवटी व्यापाऱ्याचा फोन बंद झाला. आमच्या द्राक्षपट्ट्यात असं घर शोधायला लांब जावं लागत नाही. गावातल्या आणखी काही जणांचे पैसे त्याच माणसाकडं अडकले होते, पोलिसांत तक्रारही झाली होती. एप्रिलची खरड छाटणी या बागायतदारांनी, मी त्यांना दादा म्हणते, उधारीवर केली. ऑक्टोबरची फळछाटणी झाली आणि मणी धरायच्या आत पाऊस लागला. डाउनी हा रोग, तो घडांवर आला.

दिवाळीनंतर वहिनी त्यांना घेऊन आल्या. त्याआधी पोटात आग पडते म्हणून मिरजेला दाखवून झालं होतं. रिपोर्ट चांगले आले, तिथल्या डॉक्टरांनीच माझ्याकडं पाठवलं. दादा खुर्चीच्या कडेवर टेकले, चप्पल काढू की नको अशा बेतात, आणि म्हणाले, "मला काय झालेलं न्हाई ताई. मी मूर्ख हाय, एवढाच आजार हाय."

बोलता बोलता कळलं, पहाटे अडीचला जाग येते ती परत डोळा लागत नाही. जेवण निम्म्यावर. अशा वेळी मी एक प्रश्न थेट विचारते, त्या दिवशीही विचारला: जीव द्यावा असं मनात येतं का? वहिनी दचकल्या. दादा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "येतं. करणार न्हाई. पर येतं."

विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो अशी लोकांना भीती असते. तसं होत नाही. उलट ज्याच्या मनात तो असतो त्याला कुणीतरी विचारलं याचंच हायसं वाटतं. त्याच दिवशी दोन गोष्टी केल्या. मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली, आणि शेतातल्या औषधांच्या खोलीची किल्ली धाकट्या भावाकडं द्यायला सांगितली. फवारणीचं औषध भावानं काढून द्यायचं, उरलेलं त्यानंच परत ठेवायचं. टेलिमानसचा 14416 हा नंबर दोघांच्या मोबाईलमध्ये घालून दिला. 2022 पासून मानसिक आधाराची ही सरकारी सेवा चालू आहे, फोनला पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही लागतो. हे सगळं आधी. ध्यान, सजगता (म्हणजे माइंडफुलनेस), करुणा हे शब्द त्यानंतर.

ध्यानाचा प्रयोग मात्र दादांनी घरी आधीच करून पाहिला होता. भाच्यानं व्हिडिओ पाठवला होता: डोळे मिटा, श्वासाकडं बघा, विचार काढून टाका. "डोळं मिटलं की व्याजाचं आकडंच दिसाय लागलं. छाती भरून आली. मला ते बी जमलं न्हाई." म्हणजे स्वतःला शिव्या द्यायला आणखी एक कारण मिळालं. मग कुणीतरी इगतपुरीला दहा दिवस जा म्हणून सुचवलं होतं. विपश्यनेबद्दल मला आदर आहे, पण झोप उडालेल्या आणि मरणाचे विचार येणाऱ्या माणसाला दहा दिवसांचं मौन ही पहिली पायरी नव्हे. तिथल्या अर्जातही मानसिक आजाराची माहिती विचारतात, ती उगीच नाही.

आज दवाखान्यांतून जी सजगता शिकवतात तिला वळण दिलं जॉन कबाट-झिन यांनी. 1979 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी त्यांनी एक अभ्यासक्रम सुरू केला, तो पुढं आठ आठवड्यांचा म्हणून रुळला. त्यात विचार काढून टाकायचा भाग कुठंच नाही. आत्ता काय चाललंय ते, बरं-वाईट न ठरवता, लक्षात घ्यायचं. लक्ष भटकणार. भटकलं हे कळलं की परत आणायचं. हे परत आणणं हाच व्यायाम. दादांना मी सांगितलं, तुमचं लक्ष वीसदा पळालं आणि वीसदा तुम्ही आणलंत, तर तुमचा व्यायाम इतरांपेक्षा जास्त झाला. यावर पहिल्यांदा ते जरासे हसले.

छातीत आधीच धडधड असेल तर श्वासावर लक्ष देऊन ती काहींना वाढलेली वाटते. म्हणून आम्ही श्वासाचा नाद सोडूनच दिला. लक्ष तळपायांवर ठेवलं. आणि बसायचं कुठं, तर कुठंच नाही. ब्लोअरची, म्हणजे फवारणीच्या यंत्राची, टाकी भरायला लागतो तेवढा वेळ उभं राहायचं, डोळे उघडे, पायाखाली काय लागतंय ते बघायचं, पाण्याचा आवाज ऐकायचा. मोबाईल खिशात.

पुढच्या वेळी म्हणाले, "टाकी भरत आली की पाण्याचा आवाज बदलतो, ताई. वरची वर चढत जातो. इतकी वर्सं टाकी भरतोय, कधी ऐकला न्हवता." आणखी सांगितलं की टाकीच्या पत्र्याला हात लावला तर पाणी कुठवर आलंय ते गारव्यानं कळतं. व्याजाचे आकडे येत होतेच. पण आकडा, मग गारवा, मग पुन्हा आकडा. सलग आकडेच आकडे, ते तुटलं.

मूळ शंका मात्र जागेवर होती. स्वतःशी जरा बरं बोला म्हटलं की दादा ताडकन म्हणायचे, "शिव्या दिल्या न्हाईत तर सुधारायचा कसा माणूस? बाग कोण बघणार?"

मग मी त्यांनाच हिशेब करायला सांगितला. बागायतदाराकडं फवारणीची वही असतेच. तारीख, औषध, प्रमाण, कुठला प्लॉट. म्हटलं, त्याच वहीच्या मागच्या पानांवर लिहायचं. मोठी शिवी आली की वेळ आणि शिवी. तिच्यापुढं, त्यानंतर दोन तासांत मी काय केलं. बाकी काही नाही.

ती वही त्यांनी आणली तेव्हा मागची पानं निळ्या पेनानं भरलेली होती, कोपऱ्याला बुरशीनाशकाचा पांढुरका डाग. एका ओळीत 'सकाळी 7. गाढव. बापानं कमावलं तू घालवलं.' पुढं: 'झोपून राहिलो. प्लॉटवर गेलो न्हाई.' दुसऱ्या ओळीत शिवी, पुढं: 'सोसायटीच्या सचिवाचा फोन. उचलला न्हाई.' मग 'फवारणी उद्यावर ढकलली.' मग 'पोरावर ओरडलो.' मी काहीच बोलले नाही. त्यांनी बोट फिरवत पान वाचलं, मग वहीची पुढची बाजू काढली, फवारण्यांच्या तारखा बघितल्या. दोन फवारण्यांमध्ये जिथं जास्त अंतर पडलं होतं, ते दिवस आणि मागच्या पानावरचे शिव्यांचे दिवस एकच होते.

"म्हंजे डाउनी मीच आणली म्हणा की," ते म्हणाले. आता हीसुद्धा शिवीच. तीही आम्ही वहीत लिहिली, वेळेसकट. पाऊस त्यांनी आणला नव्हता, हे त्यांना माहीत होतं.

शिवीनं माणूस कामाला लागतो हा समज का चुकतो, याचं एक स्पष्टीकरण पॉल गिल्बर्ट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी दिलंय आणि ते मला कामात फार उपयोगी पडतं. आपल्या मेंदूत धोक्याला तोंड देणारी एक यंत्रणा आहे. बाहेरून कुणी अंगावर धावून आलं तर ती जागी होते, आणि आतून आपणच आपल्या अंगावर धावलो तरी तीच जागी होते. मग माणूस भांडतो, पळतो किंवा थिजतो. पोरावर ओरडणं, फोन न उचलणं, पडून राहणं. वहीत तिन्ही होतं. हिशेब करायला, फवारणीचं वेळापत्रक लावायला जे शांत डोकं लागतं ते अशा वेळी हाताशी नसतं.

याची परीक्षाही झालेली आहे. ज्युलियाना ब्राइनेस आणि सेरेना चेन या मानसशास्त्रज्ञांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एकात, अवघड चाचणीत आपटलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना स्वतःकडं समजुतीनं बघायला सांगितलं होतं. पुढच्या चाचणीसाठी त्यांनीच इतरांपेक्षा जास्त वेळ अभ्यास केला. ते ढिले पडायला हवे होते, नाही का?

क्रिस्टिन नेफ या मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये स्वतःवरच्या करुणेची मांडणी करताना तीन गोष्टी एकत्र बांधल्या. स्वतःशी मायेनं वागणं, हे दुःख माणसांना होतंच आणि आपण त्यात एकटे नाही हे ओळखणं, आणि दुःख न लपवता, न फुगवता लक्षात घेणं. मधली गोष्ट बहुतेकांच्या हातून निसटते. 'माझंच असं का झालं' म्हणत कुढणारा माणूस आणि स्वतःला समजून घेणारा माणूस, यांच्यात फरक पडतो तो तिथंच. (व्हॉट्सअॅपवर सकाळी येणाऱ्या 'सकारात्मक राहा'च्या फुलांशी याचा काही संबंध नाही. पैसे बुडालेल्या माणसाला सकारात्मक राहा म्हणणं हा मला तरी उद्धटपणा वाटतो.)

दादांना विचारलं, त्याच व्यापाऱ्याकडं तुमच्या मित्राचेही पैसे अडकलेत ना? तुम्ही त्याच्या घरी गेला होता. काय बोललात? म्हणाले, "म्हटलं, गड्या, माणसावर विश्वास टाकलास, चोरी न्हाई केलीस. असू दे. आता काय करायचं ते बघू." मग हेच स्वतःला म्हणून बघा. लगेच उत्तर: "त्याचं येगळं हाय. त्याचं नुकसान कमी हाय." म्हणजे नुकसानीच्या प्रमाणात माया तोलून द्यायची! असं मी म्हटलं नाही, पण ते त्यांनाच ऐकू आलं असावं, कारण मान खाली घालून ते स्वतःशीच हसले.

छातीवर हात ठेवून स्वतःशी दोन चांगले शब्द बोलायचे, हा अभ्यास पुष्कळांना आवडतो. दादांनी साफ नकार दिला. "बापय माणसानं छातीवर हात ठेवून काय बोलायचं?" नको तर नको. त्यांनी मित्राला म्हटलेलं वाक्यच घेतलं. पहाटे जाग आली की पाय जमिनीवर टेकायचे, फरशीचा गारवा बघायचा आणि म्हणायचं, "असू दे गड्या. आता काय करायचं ते बघू."

पहिल्या काही दिवसांत त्यानं बरं वाटण्याऐवजी रडू यायला लागलं. वहिनी घाबरून फोनवर म्हणाल्या, हे तर वाढलंच. असं होतं. ज्याला बरेच दिवस कुणी, त्यानं स्वतःनंही, मायेनं विचारलेलं नसतं, त्याला मायेचा शब्द मिळाला की दाबून ठेवलेलं आधी वर येतं. तेव्हा जोर लावायचा नाही. शब्द सोडून द्यायचे, नुसते पाय जमिनीवर, डोळे उघडे, दोन घोट पाणी. आणि दुसऱ्या दिवशी जमेल तेवढंच.

जानेवारीत त्यांनी सोसायटीच्या सचिवाला स्वतः फोन केला. औषध दुकानदाराकडं जाऊन, हंगामात किती देऊ शकतो तो आकडा सांगितला. मित्राला आणि गावातल्या बाकीच्यांना घेऊन सगळ्यांनी मिळून एकच वकील केला. तोवर सगळे एकमेकांना तोंड चुकवत होते. बागेत हाताशी लागलेल्या मालापैकी बराचसा बेदाण्याला घातला. शेडचा खर्च वाढला, पण सौद्यात, म्हणजे लिलावात, माल विकू, ओळखीच्या अडत्याकडून विक्रीच्या हिशेबाची पट्टी घेऊ, एकाच माणसाच्या शब्दावर सगळं सोडायचं नाही, असा त्यांचा हिशेब. मी यात एक शब्दही सुचवला नव्हता. बेदाण्यातलं मला काय कळतंय?

गोळ्या चालू होत्या आणि पुढंही बरेच महिने चालू राहिल्या. झोप आधी गोळ्यांनी सुधारली, हेही सांगायला हवं. सजगतेवर आधारलेल्या उपचारपद्धतीचा एक मोठा अभ्यास 2000 साली आला. ज्यांना तीन किंवा जास्त वेळा नैराश्य येऊन गेलंय आणि आता बरं आहे, अशांमध्ये ते उलटण्याचं प्रमाण तिनं जवळपास निम्म्यावर आणलं. म्हणजे पूर आल्यावर पोहायला शिकायचं नाही, ओसरल्यावर शिकायचं. ऐन आजारात कुणी 'गोळ्या सोड, ध्यान कर' म्हणालं तर ऐकू नका.

व्यापाऱ्याकडून पैसे आलेले नाहीत. शिव्याही पूर्ण थांबलेल्या नाहीत, वहीत अधूनमधून एखादी असते. मात्र तिच्यापुढच्या रकान्यात आता बहुतेक वेळा 'टाकी भरली, फवारलं' असं असतं.

उन्हाळ्यात एकदा दादांचं बोलणं संपल्यावर वहिनी म्हणाल्या, तुम्ही गाडीत बसा, मी आलेच. दार लोटून घेतलं आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "ताई, त्या व्यापाऱ्याला माल द्या असं मीच म्हटलं होतं. दर चांगला देतोय म्हणून. ह्यांनी एकदासुद्धा बोलून दाखवलं न्हाई. पर मी रोज स्वतःला..." पुढच्या आठवड्याची वेळ मी त्यांच्या नावानं लिहिली. येताना एक कोरी वही आणा म्हटलं. म्हणाल्या, "पोराची आहे अर्धी उरलेली, चालेल?"