लॅटिनो वाढले, मग मतं कुठे गेली?

प्रश्न : माझा भाचा ह्यूस्टनला असतो. तो म्हणायचा, अमेरिकेत लॅटिनो (मूळ लॅटिन अमेरिकेतले लोक) वाढताहेत, म्हणजे पुढे डेमोक्रॅटिक पक्षाचंच राज्य. मग 2024 मध्ये ट्रम्प कसे आले?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : काका, वाढ खरीच आहे. 2010 च्या जनगणनेत लॅटिनो 5 कोटी होते, 2020 मध्ये 6 कोटी 21 लाख झाले. पण त्यातले पुष्कळ जण अठराच्या आतले किंवा नागरिकत्व नसलेले. त्यांना मतच नाही. आणि ज्यांना आहे, त्यांचा कलही बदलला. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या पाहणीनुसार 2020 मध्ये 61 टक्के लॅटिनो मतदार डेमोक्रॅटिक पक्षाच्या बायडेन यांच्याकडे होते. 2024 मध्ये त्याच पक्षाच्या हॅरिस यांना 51 आणि ट्रम्प यांना 48 टक्के मिळाले.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो टेक्सासमधला स्टार परगणा. रिओ ग्रँड नदीचा काठ, पलीकडे मेक्सिको, वस्ती जवळजवळ सगळी लॅटिनो. शंभराहून अधिक वर्षं डेमोक्रॅटांचा गड. 2024 मध्ये तोही फिरला. महागाईने लोक टेकीला आले होते. शिवाय त्या पट्ट्यातली कितीतरी लॅटिनो पोरं सीमेवरच्या गस्ती दलातच नोकरीला आहेत, हे आपण विसरतो.

मायामीचे क्यूबन आणि लॉस एंजेलिसचे मेक्सिकन एकाच माळेत ओवणं मला मुळीच पटत नाही. इतवारीतला व्यापारी आणि काटोलचा संत्रा बागायतदार तरी कुठे एकाच कारणासाठी मत देतात? भाच्याला विचारा, त्याच्या शेजारचे लॅटिनो मूळचे कुठले, कितव्या पिढीचे. अंदाज त्यावरून बांधू द्या.