द्राक्षाचे पान आणि संगणकाची परीक्षा

प्रश्न : माझ्या मुलाने पानाच्या फोटोवरून द्राक्षावरील डाऊनी (केवडा रोग) ओळखणारे न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारा संगणकीय प्रोग्राम) तयार केले आहे. संगणकावर ते ९८ टक्के अचूक ठरते, बागेत मात्र चुकते. असे का व्हावे?
— एक वाचक, निफाड (जि. नाशिक)

उत्तर : दोष बहुधा परीक्षेत आहे. एकाच वेलीचे, एकाच सकाळी काढलेले फोटो शिकवणीत आणि चाचणीतही गेले असतील, तर नेटवर्क रोगाऐवजी तिथला प्रकाश आणि पार्श्वभूमीच पाठ करते. फुटलेल्या पेपरातल्या गुणांना जेवढा अर्थ, तेवढाच या ९८ टक्क्यांना. प्लांटव्हिलेज या पिकांच्या पानांच्या फोटोसंचातील ५४,३०६ फोटोंवर आधारलेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असेच एक नेटवर्क त्याच संचातील राखीव फोटोंवर ९९.३५ टक्के अचूक ठरले, पण निराळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर सुमारे ३१ टक्क्यांवर घसरले. (त्या संचात द्राक्षाच्या डाऊनीचा वर्गच नाही, हेही चिरंजीवांना सांगावे.)

म्हणून फोटोंची नव्हे, बागांची वाटणी करावी : पिंपळगावच्या बागा शिकवणीला, दिंडोरीच्या पूर्णपणे चाचणीला. पानावरचा तेलकट डाग आणि त्याखालची पांढरी बुरशी, असे दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत. एकूण अचूकतेआधी रोगट पाने किती निसटली ते मोजावे, कारण ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला, तर निसटलेला डाग घडांपर्यंत पोहोचू शकतो.