जागा बदलू नकोस

प्रिय मित्रा,

पत्र दोनदा वाचलं. पक्षी बघायला दुर्बीण घेऊन सहा महिने झाले आणि ती अजून खुंटीवरच. सुट्टी मिळत नाही, जंगल लांब, शहरात काय तर कावळे-कबुतरं. म्हणून हा नाद सोडून द्यावा का, असं विचारतोस. अरे, सोडायला आधी धरलायस कुठे?

सकाळी बसची वाट बघत उभा असतोस ना, तिथेच बघ. रोज तीच जागा, तीच दहा मिनिटं. वर घार असेलच. ती वळताना शेपटी कशी पिळते, ते बघ. होडीचं सुकाणूच! पंख जवळजवळ हलतही नाहीत. मला हे सिग्नलला अडकलो असताना दिसलं, जंगलात नाही.

मी पंधरा वर्षं दर रविवारी पहाटे शहराबाहेर पळालो. नावांनी वह्या भरल्या. तांबट पक्षी चोच मिटून टुक्-टुक् करतो, तेव्हा त्याचा गळा फुगतो, हे लोकांना ऐटीत सांगायचो. घरासमोरच्या झाडावर तो रोज ओरडायचा. तो काय, नेहमीचाच. मग त्या झाडाची एक वाळकी फांदी तोडली. तिच्या खालच्या अंगाला कंपासने काढल्यासारखं गोल भोक. तांबटाचं घर. आणि फांदी वायरींना लागते, तोडा, असं मीच सांगितलं होतं.

म्हणून म्हणतो, जागा बदलू नकोस. हल्ली मी कुठेच जात नाही, त्याला लोक म्हातारपण म्हणतात. गुडघे दुखतात, कबूल. पण कारण ते नाही. बरं, थोडं तेही आहे.

आणि 'वेगळं काही दिसत नाही' हे रडगाणं पुन्हा नको. पावसाळा सरता सरता करडा धोबी हा पक्षी उत्तरेच्या डोंगरांतून खाली येतो. एखाद्या सकाळी ओल्या जमिनीवर शेपटी वरखाली हलवत तुरुतुरु चालताना दिसेल. पण तो आज आला, हे कुणाला कळणार? काल ती जमीन रिकामी होती, हे ज्याने पाहिलंय त्यालाच. रोज नव्या ठिकाणी धावणाऱ्याला तो फक्त 'दिसतो'.

दुर्बीण राहू दे खुंटीवर. थांबा तोच ठेव. बस उशिरा आली तर चिडू नकोस, निदान माझ्यासाठी.

धोबी उतरला की तारीख कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

तुझा,
काका