वाखेनिंगेनला मास्टर्सला यायचंय म्हणतोस, तर आधी हे सगळं वाच

तुझा मेसेज दोनदा वाचला. राहुरीला बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहेस, सीजीपीए ७.८ आहे, नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन युनिव्हर्सिटीत प्लांट सायन्सेसला अप्लाय करायचंय, नगरमधला एजंट दीड लाख मागतोय, वडील सातबारा गहाण टाकायला तयार आहेत आणि पार्टटाइम काम करून खर्च निघेल का असं विचारतोयस. मी पण ॲग्रीचीच, इथे येऊन मास्टर्स केलं आणि आता इथेच नोकरी करतेय, त्यामुळे जे माहितीये ते सगळं सविस्तर लिहिते. लांबलचक होईल पण घाईत वाचू नकोस.

एजंटचं आधी सांगते. देऊ नकोस. स्टडीलिंक नावाची एक वेबसाइट आहे, नेदरलँड्समधल्या बहुतेक युनिव्हर्सिट्यांचे अर्ज तिथूनच सुरू होतात, तिथे अकाउंट काढायचं, कोर्स निवडायचा, मग युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या पोर्टलची लिंक येते आणि तिथे मार्कशीट, पासपोर्ट, सीव्ही, मोटिव्हेशन लेटर अपलोड करायचं. बस. दोन संध्याकाळचं काम आहे, तुझी इंटर्नशिपची फाइल बनवायला याच्या दसपट वेळ गेला असेल. आणि व्हिसाचा अर्ज तर तुला करायचाच नसतो, तो युनिव्हर्सिटी तुझ्या वतीने इथल्या इमिग्रेशन खात्याकडे, म्हणजे आयएनडीकडे करते, तिकडून हो आलं की तू मुंबईला जाऊन बायोमेट्रिक देऊन पासपोर्टवर एमव्हीव्हीचा, म्हणजे इथे यायच्या व्हिसाचा, स्टिकर घ्यायचा. मग एजंट दीड लाखात नक्की काय करणार?

अजून एक, एजंट बहुतेक वेळा ज्या कॉलेजकडून कमिशन मिळतं तिकडे ढकलतात. इथे दोन प्रकार आहेत, एक रिसर्च युनिव्हर्सिटी आणि दुसरं होखस्कूल, जे इंग्रजीत स्वतःला युनिव्हर्सिटी ऑफ अप्लाइड सायन्सेस म्हणवतात. होखस्कूल वाईट नाहीत, हाताने काम शिकवतात, पण तुला पुढे पीएचडी किंवा ब्रीडिंग कंपनीच्या रिसर्चमध्ये जायचं असेल तर तुझा रस्ता रिसर्च युनिव्हर्सिटीचा आहे, आणि नावात युनिव्हर्सिटी दिसली म्हणून फी भरून बसलेली मुलं मी बघितलीयेत.

ॲडमिशन मिळेल का? वाखेनिंगेन ग्रेडसाठी कमाल गुणांच्या ७० टक्के मागतं, तुझे ७८ होतात, आणि तुझी डिग्री चार वर्षांची आहे ही मोठी जमेची बाजू. आपल्याकडच्या तीन वर्षांच्या बीएस्सीवाल्यांना इथे बऱ्याच ठिकाणी सरळ नाही म्हणतात. इथल्या डेल्फ्टसारख्या ठिकाणी इंजिनिअरिंगला जायचं असतं तर कटऑफ अजून वर असता. इंग्लिशसाठी आयईएलटीएस दे आणि साडेसहाच्या वर आण, प्रत्येक सेक्शनमध्ये सहाच्या खाली जाऊ देऊ नकोस, स्पीकिंगवर जास्त मेहनत घे कारण आपण वाचतो चांगलं पण बोलायची वेळ येत नाही. आणि तुझ्या ट्रान्सक्रिप्टमध्ये स्टॅटिस्टिक्सचे पेपर कुठे आहेत ते बघून ठेव, ते इथे खरंच तपासतात.

मोटिव्हेशन लेटरचं मात्र मनापासून सांगते. तुझ्या ड्राफ्टचं पहिलं वाक्य आहे, भारत हा कृषिप्रधान देश आहे. काढून टाक ते. हे वाक्य तिकडे बसलेल्या माणसाने शेकडो वेळा वाचलंय. तूच मेसेजमध्ये खाली लिहिलंयस की रावेच्या, म्हणजे गावात राहून शेतीचा अनुभव घ्यायच्या सेमिस्टरच्या, वेळी ज्या शेतकऱ्याकडे तुमचा ग्रुप होता त्यांच्या द्राक्षबागेत डाऊनी (केवडा रोग) आला, शेजारच्या बागेतही तीच व्हरायटी, तोच स्प्रे, पण तिकडे कमी होता, आणि तू दोन्हीकडे पानं मोजत बसलास, ओळ धरून वहीत लिहिलंस. अरे हेच तर लेटर आहे! ते लिही. किती पानं मोजलीस, काय वाटलं, काय समजलं नाही, आणि ते समजायला तुला कुठला कोर्स लागेल ते त्यांच्या अभ्यासक्रमाच्या पानावर जाऊन नावानिशी शोध. वाखेनिंगेनला चेअर ग्रुप, म्हणजे एकेका विषयाचे संशोधन गट, असतात, थेसिस त्यांच्यातल्याच एकाकडे करायचा असतो, तर आत्ताच दोन-तीन ग्रुप काय काम करतायत ते वाचून काढ. मास्टर्स एकूण १२० क्रेडिटचं, दोन वर्षांचं, त्यातला नेहमीचा थेसिस ३६ क्रेडिटचा आणि इंटर्नशिप २४ ची, म्हणजे अर्धी डिग्री ही वर्गाबाहेरची आहे. एक क्रेडिट म्हणजे २८ तास काम, आणि हे तास ते खरोखर करून घेतात.

आता पैसे. इथे मी गोड बोलणार नाही. जर्मनीतल्या सरकारी युनिव्हर्सिटीत बऱ्याच ठिकाणी फी नसल्यात जमा असते, इथे तसं नाहीये, युरोपियन नसलेल्यांना वर्षाला वीस हजार युरोच्या आसपास फी पडते, राहणं-खाणं-विमा धरून वर्षाचे अजून बारा-तेरा हजार लागतात. दोन वर्षांचे पासष्ट हजार युरोच्या आसपास झाले. युरो शंभर रुपयाला धर, म्हणजे पासष्ट लाखांच्या आसपास. हा आकडा आई-वडिलांसमोर बसून कागदावर लिही, त्यांना फक्त पहिल्या वर्षाची फी सांगून गप्प बसू नकोस.

आणि सातबाऱ्याचं. एज्युकेशन लोनला बँका शेतजमीन तारण म्हणून सहसा घेतच नाहीत, कारण कर्ज बुडालं तर बँका ज्या सरफेसी कायद्याने जप्ती करतात तो शेतजमिनीला लागूच होत नाही. त्यांना घर, एनए प्लॉट किंवा एफडी हवी असते. मग होतं काय, बँकेने नाही म्हटलं की माणूस गावातल्या खासगी सावकाराकडे वळतो, आणि तिथून पुढे जमीन परत येत नाही. तुझ्या वडिलांना हे प्लीज नीट समजाव. माझ्या ओळखीच्या एका घरात हे झालंय, मुलगी शिकली, नोकरीला लागली, पण विहिरीकडचं रान गेलं आणि तिचे वडील अजून त्या बांधावरून जात नाहीत. जमिनीला हात न लावता लोन होत नसेल तर एक वर्ष थांब, नोकरी कर, स्कॉलरशिपला अप्लाय कर. वर्षाने काहीही बिघडत नाही.

स्कॉलरशिपमध्ये एनएल स्कॉलरशिप आहे, ती पहिल्या वर्षाला एकदाच ५,००० युरो देते आणि सगळ्या युनिव्हर्सिट्या त्यात नसतात, ते आणि ती यंदा चालू आहे का हे बघून घे. जे. एन. टाटा एंडोमेंट आहे, पण ते लोन स्कॉलरशिप आहे, म्हणजे परत करायचं असतं. तू अनुसूचित जातीतला असशील तर महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आधी बघ, ती फी आणि राहण्याचा खर्च दोन्ही देते, तिच्यासाठी उत्पन्नाचे दाखले, जात वैधता वगैरे आत्तापासून गोळा कर. आणि एक लक्षात ठेव, स्कॉलरशिपच्या मुदती बऱ्याचदा ॲडमिशनच्या मुदतीच्या आधी असतात. अर्ज ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतात, तेव्हाच भर, मार्चपर्यंत बसलास तर सीट कदाचित मिळेल पण पैसे संपलेले असतील.

लोन मंजूर झालं तरी एक अडचण येते जी मला कुणी सांगितली नव्हती. व्हिसासाठी युनिव्हर्सिटी पहिल्या वर्षाची फी आणि वर्षभर जगायची रक्कम आधी मागते, आणि बऱ्याचदा ती त्यांच्याच खात्यात भरायला लावते, जगण्याची रक्कम तू इथे आल्यावर परत देतात. आपल्या बँका मात्र फी हप्त्याहप्त्याने सोडतात आणि राहण्याचे पैसे एकदम द्यायला कां-कूं करतात. त्यामुळे मॅनेजरला पहिल्याच भेटीत विचार, ही पूर्ण रक्कम जूनच्या आधी एका वेळी पाठवाल का, आणि उत्तर लेखी घे.

पार्टटाइमने खर्च निघत नाही. नियम असा की आठवड्याला १६ तास, नाहीतर जून-जुलै-ऑगस्टमध्ये फुलटाइम, दोन्हीतलं एकच, आणि त्यासाठी मालकाला तुझं वर्क परमिट काढावं लागतं, म्हणून छोटी हॉटेलं परदेशी विद्यार्थ्याला घ्यायला नको म्हणतात. तासाला चौदा युरो धरले आणि पूर्ण १६ तास मिळाले तरी महिन्याचे साडेनऊशेच्या थोडे वर होतात, शिवाय काम सुरू केलंस की इथला बेसिक आरोग्य विमा घ्यावाच लागतो, तो महिना दीडशे युरोच्या आसपास. खोलीचं भाडं निघेल, फी नाही. आणि दर वर्षी अर्धे तरी क्रेडिट पास व्हावे लागतात, नाहीतर युनिव्हर्सिटीला ते आयएनडीला कळवावं लागतं आणि रेसिडन्स परमिट जाऊ शकतं. पहिले सहा महिने कामाच्या मागे लागू नकोस, हे अगदी हात जोडून सांगते.

कागदांपैकी एकाच कागदावर अडकतात सगळे, जन्माचा दाखला. इथे आल्यावर गेमेंटमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, नाव नोंदवायचं असतं, तेव्हा अपोस्टिल केलेला, म्हणजे परदेशात चालावा म्हणून सरकारने प्रमाणित केलेला, इंग्रजीतला जन्मदाखला मागतात, त्या नोंदणीवरच बीएसएन, म्हणजे इथला नागरिक क्रमांक, मिळतो आणि त्या नंबराशिवाय पगार, विमा सगळंच अडतं. माझा दाखला काढायला गेले तर ग्रामपंचायतीच्या जुन्या रजिस्टरमध्ये माझं नावच नव्हतं. निळ्या शाईत नुसतं 'स्त्री', खाली वडिलांचं नाव, आईच्या नावात एक अक्षर चुकलेलं. बाळाचं नाव नंतर लावायचं असतं हे आमच्या घरात कुणाला माहितीच नव्हतं. मग शाळेचा दाखला, आईचं आधार, प्रतिज्ञापत्र, ग्रामसेवक रजेवर, तालुक्याला चकरा, असे दोन महिने गेले, त्यानंतर मंत्रालयात गृह विभागाचा शिक्का आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. आई रोज फोनवर विचारायची, झालं का गं. तुझं ऑफर लेटर येईल तेव्हा या कामाला वेळ राहणार नाही.

नावाचंही बघ. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, काही ठिकाणी आईचंही. पासपोर्टवर वेगळा क्रम. इथल्या फॉर्मवर जे पासपोर्टवर आहे तेच जसंच्या तसं टाक, आणि युनिव्हर्सिटीला दोन ओळीत समजावून सांग की दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत.

घराचं टेन्शन खरं आहे. इथे घरांची इतकी टंचाई आहे की काही युनिव्हर्सिट्यांनी विद्यार्थ्यांना उघड सांगितलंय, खोली मिळाली नसेल तर येऊ नका. वाखेनिंगेनमध्ये विद्यार्थ्यांच्या खोल्या इडेयालिस नावाच्या संस्थेकडे आहेत, ॲडमिशनची वाट न बघता तिथे नाव घाल. मी बोर्नसेस्टेखच्या टॉवरमध्ये राहायचे, एका मजल्यावर बरेच जण मिळून एक किचन, पहिल्या आठवड्यात मी फोडणीत मोहरी टाकली तर तीन जण धावत आले काय जळतंय बघायला, नंतर त्यातलीच एक डच मुलगी दर रविवारी पिठलं मागायची. खासगी खोली शोधत असशील तर एकच नियम, चावी हातात येईपर्यंत एक युरोसुद्धा पाठवायचा नाही. मालक परदेशात आहे, चावी कुरिअरने पाठवतो असं कुणी म्हणालं तर तिथेच बोलणं बंद कर.

इतकं सगळं असूनही यावं का, तर तुझ्यासारख्याने यावं असंच मला वाटतं, पैशाची घडी नीट बसत असेल तर. शिकवायची पद्धत वेगळी आहे, प्रोफेसरला नावाने हाक मारतात, तुमचं हे मत मला पटलं नाही असं बीएस्सीचं पोरगंही तोंडावर म्हणतं आणि कुणाला राग येत नाही. मार्क १० पैकी, साडेपाचला पास, आठ म्हणजे फार चांगलं, दहा कुणाला पडत नाहीत, त्यामुळे पहिल्या पेपरला साडेसहा आले तर खचू नकोस. शिकून झालं की नोकरी शोधायला एक वर्षाचं परमिट मिळतं, झूकयार म्हणतात त्याला, डिग्रीनंतर तीन वर्षांच्या आत कधीही घेता येतं. राइक झ्वान, एन्झा झाडेनसारख्या बियाणं कंपन्यांत रिसर्चचं काम इंग्रजीत चालतं, पण ग्रीनहाऊसवर किंवा छोट्या कंपनीत डच लागतेच, म्हणून पहिल्या दिवसापासून डच शीक. नोकरी मिळेलच अशी हमी मी देणार नाही. माझ्या बॅचमधल्या काही जणांना वर्षभरात मिळाली नाही, ते परत गेले.

आता तू एवढंच कर. सोमवारी ग्रामपंचायतीत जा आणि तुझ्या जन्माची नोंद स्वतःच्या डोळ्यांनी बघ, नाव आहे का, आईच्या नावाचं स्पेलिंग बरोबर आहे का. आणि डाऊनीच्या बागेवरचा नवीन ड्राफ्ट मला पाठव, इंग्रजी कसंही असू दे, वेलीची पानं मोजलेली ती वहीतली आकडेवारी मात्र त्यात असायला हवी. मी शनिवारी मोकळी असते, बसून वाचते.