बदक मरेना? आधी टीव्ही बघा

गेल्या अंकात सहज विचारलं होतं की टीव्हीला जोडायचा, कॅसेटी घालून खेळायचा जुना व्हिडिओ गेम कुणाकडं अजून चालू आहे काय, तर एवढे मेसेज आले की सगळ्यांना उत्तर द्यायचं म्हटलं तर अंक पुरायचा नाही. त्यातले निवडक घेतोय, बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न : दिवाळीला माळा झाडताना माझा जुना गेम घावला, बंदुकीसकट. पोराला बदकांचा गेम दाखवावा म्हणून हॉलमधल्या मोठ्या एलईडीला जोडला. चित्र येतंय, आवाज येतोय, मारिओ झकास चालतोय, खरं बंदुकीनं एक बदक मरेना. काचेला टेकवून मारलं तरी गेममधलं ते नेम चुकला की हसणारं कुत्रं हसतंयच. बंदूक गेली म्हणायची काय? – टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : बंदूक बहुतेक चांगलीच असेल, स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवा आधी. या बंदुकीतनं बाहेर काहीच जात नाही, उलट ती बघते. नळीत पुढं एक भिंग आणि मागं उजेड ओळखणारा बारका पार्ट, बास. तुम्ही घोडा ओढला की गेम क्षणभर अख्खा पडदा काळा करतो, आणि लगेच पुढच्या चित्रात बदक जिथं असेल तिथं फक्त एक पांढरा चौकोन दाखवतो. बंदुकीला आधी काळोख आणि मग पांढरं दिसलं की बदक पडलं. दोन बदकं असली तर दोन चौकोन एकामागनं एक येतात, म्हणजे कुठलं मेलं ते गेमला कळतंय. हे सगळं सेकंदाच्या पन्नासाव्या-साठाव्या भागाच्या हिशोबात उरकतंय, म्हणून आपल्याला नुसतं काहीतरी चमकल्यासारखं वाटायचं. आणि आधी काळोख दिसायलाच पाहिजे ही अट आहे म्हणून ट्यूबलाइटवर नेम धरायची आयडिया ओरिजिनल बंदुकीवर चालायची नाही.

आता जुना पिक्चर ट्यूबवाला डब्बा टीव्ही काय करतो, आलेलं चित्र तसंच्या तसं रेघ-रेघ करत काचेवर उमटवतो, मध्ये थांबत नाही. एलईडी ते चित्र आधी आत घेतो, मोठं करतो, नीट करतो आणि मग दाखवतो, तोवर गेमनं बंदुकीला विचारून 'नाही दिसलं' असं उत्तरही घेतलेलं असतंय. शिवाय बंदुकीतलं सर्किट त्या पिक्चर ट्यूबच्या लुकलुकण्यालाच जुळवलेलं. त्यामुळं टीव्हीच्या सेटिंगात गेम मोड लावून मारिओची उडी जरा वेळेवर येईल, बदक काय पडायचं नाही.

माझं म्हणणं आधीपासनं हेच आहे बघा, लोकं मशीनवर मशीन गोळा करतात, कॅसेटी काचेच्या कपाटात लावतात, आणि टीव्ही मात्र एक्स्चेंजमध्ये देऊन मोकळे. अर्धा गेम त्या टीव्हीत होता की ओ! पाव्हण्यांच्यात, आत्याच्यात, गावाकडच्या घरात कुठंतरी चादर घालून ठेवलेला डब्बा असतोयच, तो मागून आणा. फक्त मागचं झाकण काढून धूळ पुसायच्या भानगडीत पडू नका. रंगीत टीव्हीच्या ट्यूबला वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि बटण बंद केलं तरी तो आत राहू शकतो.

प्रश्न : पंधरावीस कॅसेटी आहेत, निम्म्या चालू होत नाहीत. लहानपणी फुंकर मारली की चालायच्या, आता फुंकून फुंकून गाल दुखायला लागले. – निपाणी

उत्तर : फुंकरीनं कधीच काय झालं नव्हतं. कॅसेट काढून परत घातली की पिना जरा वेगळ्या जागी टेकायच्या, काम त्यानं व्हायचं आणि श्रेय फुंकरीला. उलट तोंडातला ओलावा पिनांवर बसून त्या काळ्या पडतात, फुंकू नका असं निन्टेंडोनं, म्हणजे मूळ गेम काढणाऱ्या जपानी कंपनीनं, कॅसेटीबरोबरच सांगितलेलं, खरं आपल्या नकली कॅसेटीबरोबर कागद कुठला आलाय! मोबाइल रिपेरीवाल्याकडं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, कान साफ करायच्या काडीला लावून पिना घासा, काडी काळी यायची थांबली की थांबा, पूर्ण वाळू द्या, मग घाला. (तंबाखूच्या निपाणीत काडीवर काय काय निघेल ते सांगायला नको.) आणि एक, आपल्याकडच्या कॅसेटी बहुतेक जपानी मापाच्या, ६० पिनांच्या. अमेरिकेतल्या ७२ पिनांच्या असतात. बसत नसली तर दाबू नका.

प्रश्न : आम्ही तिघं भावंडं, मी धाकटी. मला कायम दोन नंबरचा रिमोट. त्याला स्टार्टचं बटणच नव्हतं, गेम थांबवायचा तर 'दादा, थांब की रे' म्हणून ओरडायचं. आता दादा म्हणतोय असं काय नव्हतंच, तुझाच रिमोट मोडका होता. आणि कॉन्ट्रा या गोळीबाराच्या गेमात धबधब्यापाशी मीच का मरायचे? – खानापूर

उत्तर : ताई, तुमचंच बरोबर. मूळ मशीन म्हणजे निन्टेंडोचा फॅमिकॉम, जपानात जुलै १९८३ मध्ये आला, दोन्ही रिमोट डब्यालाच वायरीनं जोडलेले. पैकी दुसऱ्याला स्टार्ट नाही, सिलेक्ट नाही, त्याबदल्यात बारका माइक दिलेला. आपल्याकडं आलेले बरेचसे डबे त्याची नक्कल, त्यात माइक बऱ्याचदा गायब झाला, पण नसलेली बटणं तेवढी इमानदारीनं नसलेलीच ठेवली.

धबधब्याचं तर दादाला आजच फोन लावून विचारा. तिसऱ्या स्टेजला पडदा वर सरकतो तो जो वर चढेल त्याच्याबरोबर, खाली राहिलेला पडद्याच्या बाहेर गेला की मेला. म्हणजे तुम्ही शत्रूच्या गोळीनं मेलाच नाही, दादा घाईघाईनं चढला म्हणून मेला. हा खेळ दोघांनी मिळून खेळायचा होता, आमच्या गल्लीत तर यावरनं मारामाऱ्या व्हायच्या.

कॉन्ट्रात तीस लाइफ मिळायचा कोड पण लिहून घ्या, वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए आणि स्टार्ट. दोघांसाठी स्टार्टच्या आधी सिलेक्ट. हा कोड मुळात गेम बनवणाऱ्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ च्या ग्रेडियस गेमसाठी केलेला, तपासायला तो गेम त्यांना स्वतःलाच अवघड जात होता म्हणून. तोच कोड पुढं कॉन्ट्रात आला, कॉन्ट्रा घरच्या टीव्हीवर आला १९८८ ला. कोड दाबायला रिमोट एक नंबरचा लागतोय, तेवढा आता तुमच्याकडं घ्या.

प्रश्न : ९९९९९९९ इन १ कॅसेटीत खरंच तेवढे गेम होते काय? – संकेश्वर

उत्तर : छे. पाचपन्नास असतील नसतील, तेच परत परत, कुठं मारिओ दुसऱ्या स्टेजपासनं, कुठं टँकच्या गेमातले टँक जरा जास्त पळणारे. तसं बघितलं तर त्या काळचा गेम मुळात असायचाच केवढा, १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स अख्खा ४० केबीचा, व्हॉट्सॲपवरचा गुड मॉर्निंगचा फोटो त्याच्यापेक्षा मोठा असतोय.

प्रश्न : भाच्यानं जपानहून लाल-पांढरा ओरिजिनल फॅमिकॉम आणलाय. लावू काय? – शहापूर

उत्तर : थांबा थांबा. त्याचा अ‍ॅडॉप्टर १०० व्होल्टचा आहे, आपल्या २३० च्या सॉकेटात गेला की धूर. इथला अ‍ॅडॉप्टर लावायचा झाला तर मूळचा १० व्होल्ट डीसीचा आणि आतली पिन निगेटिव्ह, आपल्याकडं बरेच अ‍ॅडॉप्टर याच्या उलट असतात, तेव्हा मीटर असलेल्या माणसाकडनं तपासून घ्या. पुढं आणि एक घोळ, १९८३ च्या मॉडेलला एव्हीची वायरच नाही, अँटेनातनं चित्र जातं आणि तेही जपानी चॅनेल एक किंवा दोनवर, आपला टीव्ही बहुतेक तिथं पोचतच नाही. एव्ही काढून देणारे कारागीर असतात, फक्त कापाकापी न करता करून द्या म्हणावं. तोवर कॅसेटी मात्र तुमच्या जुन्या नकली डब्यात घालून बघा, माप तेच आहे, बहुतेक चालतील.