अमेरिकेत कॉलेजच्या जॅझ बँडची ऑडिशन द्यायचीय, सोलो किती तयार करू?

तू लिहिलंयस की ऑगस्टमध्ये एमएसला चाललोय, टेनर सॅक्स वाजवतो, म्युझिकचा विद्यार्थी नाही, तरी ऑडिशन देता येईल का. बहुतेक युनिव्हर्सिट्यांमध्ये देता येते, बँडमध्ये इंजिनिअरिंगवाले, बायोलॉजीवाले सगळे असतात. मी कॉम्प्युटर सायन्स करताना दोनदा दिली, पहिल्यांदा नाही झालं, दुसऱ्यांदा झालं, आणि मधल्या वर्षात मी सोलोवर, म्हणजे एकट्याने तिथल्या तिथे सुचेल ते वाजवण्यावर, जवळजवळ कामच केलं नाही, फक्त वाचन केलं, म्हणजे नवीन नोटेशन बघून वाजवणं.

कारण सांगतो. बिग बँड म्हणजे साधारण १७ जण, ५ सॅक्स, ४ ट्रंपेट, ४ ट्रॉम्बोन आणि पियानो-बेस-ड्रम्स-गिटार. त्यात टेनरच्या खुर्च्या दोनच. आणि तिथे बसून बहुतेक वेळ तू लिहिलेला पार्ट बाकी चार सॅक्ससोबत एका श्वासात वाजवणार असतोस, त्यामुळे ऑडिशन घेणारे आधी बघतात की हा पान वाचतो का आणि टाइम धरतो का.

मी पुण्यात सगळं ऐकून ऐकून शिकलो होतो, कान चांगला, नोटेशन कच्चं. ऑडिशनला तयार केलेला तुकडा नीट झाला, मग स्टँडवर एक नवीन पान ठेवलं, अर्धा मिनिट बघायला दिलं आणि मी ते अर्धं मिनिट पहिल्या ओळीतले सूर शोधण्यात घालवलं. की सिग्नेचर (कुठले सूर शार्प-फ्लॅट ते), रिपीट, कोडा (शेवटच्या भागावर उडी मारायची खूण) काहीच बघितलं नाही. चौथ्या बारला (बार म्हणजे ठराविक बीट्सचा एक कप्पा) ऑफबीटवरून, म्हणजे दोन बीट्सच्या मधून, पुढे ओढलेली नोट होती तिथे अडकलो आणि थांबून तो बार परत वाजवला. ते थांबणं नडलं, सूर चुकला असता तर चाललं असतं, बँड काही तुझ्यासाठी थांबत नाही ना. म्हणून रोज एक न बघितलेलं पान घे, आधी ऱ्हिदम टाळीवर म्हण, मग हळू लयीत एकदाच वाजव, काहीही झालं तरी न थांबता.

मेट्रोनोम ६० वर लाव आणि टिक दुसऱ्या-चौथ्या बीटवर धर, म्हणजे गाणं १२० ला चाललं. आपल्याला समेची सवय, त्यामुळे सुरुवातीला टिक आपोआप पहिल्या बीटवर सरकते, दोन आठवडे लागतात, पण स्विंग, म्हणजे जॅझची ती झुलती लय, तिथूनच येतो. अमेरिकन जॅझवाला काउंट बेसी, त्याचा बिग बँड ऐक, सॅक्स सेक्शन कुठे श्वास घेतो, डोक्यावर टोपीसारखी खूण असलेली नोट किती आखूड आणि ठसठशीत वाजवतात तेवढंच ऐक.

सोलोला बहुतेक करून ब्लूज असतो, १२ बार. ऑडिशन घेणारे बी फ्लॅट म्हणाले की ते पियानोचं, टेनरवर तुझं सी, आणि एफ म्हणाले तर जी, हे झोपेतही आठवलं पाहिजे. पाचव्या बारला कॉर्ड बदलते ती तुझ्या फ्रेजमधून ऐकू आली तरी पुष्कळ, पाठ केलेल्या लिक्स, म्हणजे तयार छोटे तुकडे, नकोत.

वाचन हे काही परक्यांचंच नाही बरं का. मुंबईत ताजमध्ये जॅझ वाजवणारा ट्रंपेटवाला चिक चॉकलेट गोव्याचा, सी. रामचंद्रांबरोबरही त्याने काम केलं. त्या काळचे कितीतरी गोवेकर वादक चर्चच्या शाळेत लहानपणीच नोटेशन शिकलेले, म्हणून हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात पान समोर आलं की वाजवायला लागायचे.

दोन-तीन वापरून मऊ झालेल्या रीड्स (सॅक्सच्या तोंडाला लावायच्या पट्ट्या) सोबत ने, नवी कोरी त्या दिवशी लावू नकोस.

दुसऱ्या वर्षी मला सेकंड टेनर मिळाला. पूर्ण सेमिस्टर एकही सोलो नव्हता, पण पहिल्या रिहर्सलला मागच्या रांगेतून चारही ट्रंपेट एकदम आले ते पाठीत जाणवलं, अजून आठवतंय. तुझ्या कॉलेजने तयारीसाठी कुठला तुकडा दिलाय आणि टेम्पो काय लिहिलाय ते खाली टाक, बघून सांगतो.