पानांच्या अर्काची चाचणी पहिल्यांदा करताना

पानांचा अर्क जंतूंची वाढ रोखतो का, हे बघायचं तर एकदम दहा वनस्पती घेऊ नकोस. कडुनिंब किंवा तुळस, एकच घे आणि तिची ओळख वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराकडून पक्की करून घे. पानं सावलीत वाळव.

सगळ्यात जास्त घोळ कंट्रोलमध्ये, म्हणजे तुलनेसाठी ठेवायच्या नमुन्यांमध्ये होतो. अर्क इथेनॉलमध्ये काढलास, तर इथेनॉल स्वतःच जंतू मारतं! म्हणून द्रावक पूर्ण उडवायचा, उरलेला अर्क तोलून थोड्या डीएमएसओत (डायमिथाइल सल्फॉक्साइड या द्रावकात) विरघळवायचा आणि त्याच प्लेटवर, जंतू पसरलेल्या अगारमध्ये (जंतू वाढवायच्या जेलीत) पाडलेल्या एका खड्ड्यात नुसतं डीएमएसओ घालायचं. दुसऱ्यात ओळखीचं अँटिबायोटिक. हे दोन खड्डे नसतील तर बाकीची मोजमापं फुकट.

बाकी नेहमीच्या चुका:
- जंतूंचं प्रमाण अंदाजाने घेणं. ०.५ मॅकफारलंड या ठरावीक गढूळपणाच्या प्रमाण द्रावणाशी गढूळपणा जुळव.
- अगारचा थर कमी-जास्त होणं. म्युलर-हिंटन अगार (या चाचणीत नेहमी वापरतात तो अगार) ४ मिमी जाड हवा.
- एकाच प्लेटवर निष्कर्ष काढणं. किमान तीन तरी लाव.

ई. कोलाय या जंतूवर खड्ड्याभोवती वाढ थांबल्याचं वर्तुळ दिसलं नाही तर खचू नकोस. त्याच्यासारख्या ग्रॅम-निगेटिव्ह गटातल्या जंतूंना बाहेरचं जादा आवरण असतं, ते नसलेला स्टॅफिलोकोकस हा जंतू बहुधा लवकर दबतो. आणि मोठं वर्तुळ म्हणजे जास्त ताकद असंही नाही. काही घटक अगारमध्ये पसरतच नाहीत. एमआयसीचं (वाढ रोखणाऱ्या सर्वांत कमी प्रमाणाचं) नंतर बघू.

हे घरी मात्र अजिबात नको. रोगजंतू प्रयोगशाळेतच, देखरेखीखाली, आणि वापरलेल्या प्लेट्स ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) केल्याशिवाय टाकायच्या नाहीत.